आमची मिश्र दुहेरी

आमच्या खात्याच्या विभागीय क्रीडा स्पर्धा यंदा वर्ध्यालाच होणार असं कळलं, तेव्हा ऑफिसात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. एरवी कधी गोंदिया, कधी चंद्रपूर. मंगल कार्यालयात सतरंजीवर झोपायचं, थंडीत गार पाण्यानं आंघोळ करायची आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरून परत यायचं. यंदा पिपरी मेघेतल्या आपल्या घरून निघायचं आणि संध्याकाळी आपल्याच पलंगावर पाठ टेकायची. हा आनंद जेमतेम आठवडाभर टिकला. मग जिल्हा कार्यालयातून क्रीडा समितीच्या सचिवांचा फोन आला.

"मॅडम, टेबल टेनिसच्या एकेरीत तुमचं नाव आहेच. मिश्र दुहेरीत बी टाकून राह्यलो."

"टाका ना. जोडीदार कोण?"

पलीकडे त्यांनी उगाचच कोणाला तरी चहा सांगितला. मग हळूच म्हणाले, "आर्वीवाले साहेब."

आर्वीवाले साहेब म्हणजे माझा पूर्वीचा नवरा.

सचिवांचा काही दोष नव्हता. अख्ख्या जिल्ह्यात आमच्या खात्यात टेबल टेनिस खेळणारी बाई मी एकटी. पुरुष दोन, आणि त्यातल्या एकाचा गुडघा गेलेला. "तुम्ही नाई म्हटलं तर मी एन्ट्रीच नाई पाठवत, मॅडम. काही जबरदस्ती नाई," ते म्हणाले. मी म्हटलं, विचार करून सांगते.

आमची फारकत झाली तेव्हा मुलगी आठवीत होती. आता ती पुण्याला फार्मसी शिकते. आम्ही दोघं एकाच खात्यात, पण मी हिंगणघाटच्या ऑफिसात आणि तो आर्वीच्या, त्यामुळे वर्षातून एखाद्या मीटिंगला लांबून दिसायचा तेवढाच. तोंडावर मी त्याला अजूनही 'तुम्ही'च म्हणते. मनात मात्र कोर्टातून घरी आले त्या दिवसापासून तो 'तो' झाला. हे मी ठरवून केलं नाही. बसमध्ये बसल्याबसल्या लक्षात आलं की आपण 'ते' म्हणत नाही आहोत.

लोकांना आमच्या फारकतीचं कारण कधी समजलं नाही. दारू नव्हती, मारझोड नव्हती, सासू तर मला माझ्या आईपेक्षा जास्त जपायची. अल्लीपूरला माहेरी गेले की आई भाकरी थापता थापता विचारायची, "पण नेमकं झालं तरी काय तुमचं?" आणि मला ते एका वाक्यात सांगता यायचं नाही. मी म्हणायची, "नाई जमलं." आई तवा उलटा करून ठेवायची आणि बोलणं तिथंच थांबायचं.

त्यात दुहेरी म्हणजे आणखी अवघड. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही खात्याच्या कॉलनीत राहत होतो. तिथल्या करमणुकीच्या हॉलमध्ये एक जुनं टेबल होतं, नेट दोन्ही बाजूंनी सुतळीनं बांधलेलं. कॉलेजात मी थोडंफार खेळले होते. त्याला तिथं मीच शिकवलं. संध्याकाळी मुलीला शेजारच्या काकूंकडे सोडून आम्ही दोघं खेळायला जायचो, आणि चौकीदार कुलूप घेऊन दारात उभा राहीपर्यंत खेळायचो. त्या संसारात तू कधी सुखी होतीस का, असं मला कोणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. त्या टेबलापाशी होते.

म्हणून मला भीती वाटत होती. लोक काय बोलतील याची थोडी, पण जास्त स्वतःचीच. इतक्या वर्षांत जे नीट बसून गेलं होतं ते पुन्हा ढवळलं गेलं तर? आणि शेवटी मला वाटलं, नाही म्हटलं तरी सगळ्यांना कळणार की का नाही म्हटलं. हो म्हटलं तरी सगळे बघणार. दोन्हीकडून बघणारच आहेत तर खेळून घ्यावं.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबांना विचारलं का कोणी?" पाच मिनिटांनी तिचाच फोन परत. "बाबा म्हणाले, तिले चालत असन तर मले चालते."

मला वाटलं, हे वाक्य पोरीनंच जुळवून आणलं असेल.

माझी भीती खरी वाढली ती नंतर. अल्लीपूरला ही बातमी कोणी पोहोचवली कोण जाणे, पण एका रविवारी वहिनीचा फोन आला. "खेळून राह्यले म्हणते दोघं संगं. जुळून येत असन तर पाहा ना बाई. पोरगी लग्नाची होईन आता." मग एका मावसबहिणीचा. मग ऑफिसातल्या एका मॅडम डब्याच्या वेळी म्हणाल्या, "माणूस बदलतो हो वयानं." मी चटणी पुढे केली. पण मनात घर केलं त्या विचारानं. त्यानंच हे सगळं जुळवलं असेल तर? तो हॉलच्या कोपऱ्यात मला गाठून म्हणाला, झालं गेलं सोडून दे, तर काय उत्तर द्यायचं? उत्तर मला माहीत होतं. ते देण्याची वेळ येऊ नये एवढंच वाटत होतं. सगळ्यांना वाटतं नाही म्हणणं सोपं असतं. एकदा म्हणून झालेल्या बाईला विचारा.

स्पर्धा जानेवारीत होत्या. सकाळी मैदानावर दव, वर झेंडे, चुन्याच्या पांढऱ्या रेघा, तर्री-पोह्यांच्या पातेल्याभोवती सहा जिल्ह्यांचे लोक. खात्यानं दिलेला ट्रॅकसूट सगळ्यांना एकाच मापाचा होता. पँट मी कमरेला नाडीनं आवळून घेतली होती आणि खाली दोन घड्या घातल्या होत्या. साडी सोडून आपल्याच गावात, सगळ्या ऑफिसपुढे मी पहिल्यांदाच अशी फिरत होते, त्यामुळे सारखी जॅकेट खाली ओढत होते. एकेरीत मी पहिल्याच फेरीत हरले. आमच्या सचिवांनी 'बॅड लक मॅडम' म्हणून लगेच दुहेरीच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

तो तिथं आधीच उभा होता. केस बरेच पांढरे झालेले, पोट थोडं सुटलेलं. बॅटचं रबर पुसत होता.

"जयभीम, मॅडम," तो म्हणाला.

"जयभीम."

'मॅडम' ऐकून मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

पहिली मॅच गडचिरोलीच्या जोडीशी होती. दोघंही तरुण, नुकतेच नोकरीला लागलेले. दुहेरीत दोघांनी आळीपाळीनंच चेंडू मारायचा असतो. एकदा तू, एकदा मी. मारला की लगेच बाजूला व्हायचं, म्हणजे जोडीदाराला जागा मिळते. यासाठी एकमेकांशी बोलावं लागतं, निदान खुणा तरी कराव्या लागतात. आम्ही एक अक्षर बोलत नव्हतो. मी बाजूला व्हायचे तर तोही त्याच बाजूला. एकदा त्याचा खांदा माझ्या खांद्यावर आदळला आणि आम्ही दोघंही भाजल्यासारखे मागे सरकलो. दोनदा त्यानं माझ्या वाट्याचा चेंडू मारला आणि पॉइंट गेला. लोखंडी खुर्च्यांवर आमच्या जिल्ह्याचे लोक बसले होते, ते टाळ्यासुद्धा वाजवत नव्हते. नुसते बघत होते. पहिला गेम आम्ही वाईट हरलो.

बाजू बदलताना तो टॉवेल गळ्यात टाकून माझ्याजवळ आला.

"तुम्ही... तू... सर्व्हिस कुठं टाकू, सांग. पुढचा चेंडू तुलेच मारायचा आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो उत्तराची वाट बघत होता. खरंच वाट बघत होता.

"आखूड टाका," मी म्हटलं. "त्या पोरीच्या बॅकहँडले."

त्यानं आखूड टाकली. तिनं कसाबसा चेंडू उचलला, तो माझ्यासमोर उंच उठला आणि मी मारला. टाळी वाजली. सचिवांचीच असावी. पुढच्या सर्व्हिसला तो पुन्हा मागे वळला. "आता?" मी टेबलाखाली बोट दाखवलं. मग आमचं हळूहळू बसत गेलं. 'तुझा', 'माझा', 'सोड', 'हाव, बराबर' इतकंच बोलणं, पण तेवढं पुरलं. पुढचे तीनही गेम आम्ही घेतले. गडचिरोलीची पोरगी हात मिळवताना म्हणाली, "तुम्ही किती वर्षांपासून संगं खेळता?" आम्ही दोघांनी एकदमच तोंड उघडलं आणि एकदमच बंद केलं.

काही जिल्ह्यांनी दोन-दोन जोड्या पाठवल्या होत्या. पुढच्या फेरीत भंडाऱ्याच्या जोडीतल्या बाईचा पाय खो-खोत मुरगळला होता, त्यामुळे आम्ही न खेळताच उपांत्य फेरीत गेलो. ती मॅच दुपारी. मध्ये बराच वेळ रिकामा होता. मी हॉलच्या मागच्या बाजूला नळावर तोंड धुवायला गेले, तर तो मागोमाग आला आणि काही अंतरावर उभा राहिला.

"थोडं बोलायचं होतं."

मी रुमालानं तोंड पुसत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ. मनात वहिनीचं, मावसबहिणीचं, ऑफिसातल्या मॅडमचं सगळं बोलणं गोळा झालं. सकाळपासून इतकं छान चाललं होतं आणि आता हे. मी मनातल्या मनात वाक्य तयार करू लागले: हे पाहा, आपण खेळलो, चांगलं झालं, पण...

"मी लग्न करून राह्यलो," तो म्हणाला.

"बरं झालं!"

हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडे दोरखंड ओढायची तयारी करणारे लोक वळून बघायला लागले. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं आपण काहीतरी भलतंच बोललो, म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, "म्हणजे, अभिनंदन." आणि मग मला हसूच आवरेना. छातीवरचं एवढं मोठं ओझं उतरलं होतं की पाय हलके झाल्यासारखे वाटत होते. मी नळाच्या कठड्यावर बसले.

"हसून काऊन राह्यली?" तो जरा दुखावून म्हणाला.

"मले वाटलं तुम्ही दुसरंच काही बोलता."

"दुसरं काय?"

मी सांगितलं नाही. पण त्याला समजलं असावं, कारण तोही एकदम हसला आणि मग म्हणाला, "माझ्याकडचे बी तेच म्हणून राह्यलते. काकानं तर तारीख बी सुचवली." आम्ही दोघं तिथं उभे राहून हसत होतो. मग तो गंभीर झाला. "ती आलेली आहे. तिकडं पायऱ्यांवर बसली. तुले भेटायचं म्हणते. तुले नसन भेटायचं तर राहू दे, मी सांगतो तिले."

मी म्हटलं, भेटते.

मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, त्यावर कडुलिंबाची सावली. पिवळ्या साडीतली एक बाई मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. मला येताना पाहून ती उठली, डबा घसरला, तिनं तो पकडला. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली आहे हे बघून मला फार बरं वाटलं.

तो आम्हाला एकमेकींजवळ सोडून निघून गेला. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

ती आर्वीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा पाच-सहा वर्षांपूर्वी अपघातात गेलेला. मूलबाळ नाही. विहारात साध्या पद्धतीनं लग्न करायचं ठरलं होतं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, मुलाखतीला आल्यासारखं. मग डबा उघडला. सांभारवडी होती, आमच्याकडची कोथिंबिरीची. "घ्या ना ताई. सकाळीच केली. तुम्हाले आवडते का नाई ते त्यायले बी माहीत नव्हतं."

मी एक वडी घेतली. गरम नव्हती, पण खमंग होती.

"ताई, एक विचारू? राग नाई येणार ना?"

"विचारा."

"तुमचं काऊन तुटलं?"

इतक्या सरळ कोणी विचारलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही, आईच्या प्रश्नात आधीच दुःख असायचं. या बाईच्या प्रश्नात फक्त विचारणं होतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तिला तो हक्क होता. मी वडी हातात धरून बसले. आणि मला उत्तर सापडलं.

"ते मले काही विचारत नव्हते," मी म्हटलं. "बदली मागितली, ऑर्डर हातात आल्यावर सांगितलं. पोरीची शाळा बदलली, फी भरून आल्यावर सांगितलं. माझी गाडी विकून नवीन आणली, चांगलीच आणली, पण सकाळी उठले तर माझी गाडी दारात नाई. डॉक्टरनं मले विचारलं काय त्रास होते, तर उत्तर ते देत होते. माणूस वाईट नव्हता. पण मी घरात आहे हे त्यायच्या ध्यानातच राहत नव्हतं. मी सांगून पाह्यलं, भांडून पाह्यलं. मग थकले."

ती ऐकत होती. मैदानावर शंभर मीटरची शिट्टी वाजली, लोक ओरडले, पण तिनं मान वळवली नाही.

"तुम्हाले विचारतात का?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज जरा बदलला, ते मलाच जाणवलं.

तिच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. "विचारतात? ताई, इतकं विचारतात की कंटाळा येते. भाजी कोणती आणू, फोन. पांढरा शर्ट घालू का निळा, फोन. लग्नाची तारीख त्यायनं मले चार वेळा विचारली, मी सांगितली तरी. परवा मी म्हटलं, आता काही तरी तुमच्या मनानं करा ना बाप्पा."

मी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते मी ट्रॅकसूटच्या बाहीनं पुसलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. जे तो शिकला ते माझ्या घरात शिकला नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मन एकदम मोकळं झालं. इतकी वर्षं मी रात्री पडल्या पडल्या स्वतःला विचारत होते की एवढ्याशा गोष्टीसाठी आपण संसार मोडला का. ती एवढीशी गोष्ट नव्हती. त्यालाही ते समजलं होतं, उशिरा का होईना. नाहीतर पांढरा की निळा हे विचारायला फोन कशाला केला असता?

"त्यायच्या खाण्यापिण्याचं काही सांगून ठेवता का?" ती म्हणाली. "काय आवडते, काय नाई."

"नाई सांगत," मी म्हटलं. "माझ्या वेळचा माणूस वेगळा होता. तुमच्या वेळचा तुम्हीच पाहा."

तिनं डबाच माझ्या हातात दिला. आम्ही दोघींनी तो रिकामा केला. तिच्या शाळेत चौथीपर्यंत दोनच शिक्षक आहेत, त्यातला एक सारखा मीटिंगला असतो, हे सगळं तिनं तेव्हा सांगितलं. तिच्या खांद्यांतला ताठरपणा गेला होता. माझ्याही.

दुपारी नागपूरच्या जोडीशी खेळलो. ती जोडी दर रविवारी एकत्र सराव करणारी. एकसारखे टी-शर्ट, वेगवेगळी रबरं, सगळा जामानिमा. आम्ही सरळ तीन गेममध्ये हरलो. पण असं हरण्यात मजा असते हे मी विसरले होते. पहिल्या मॅचला पाय जमिनीत रुतल्यासारखे होते. आता मी मोकळी धावत होते. तिसऱ्या गेममध्ये एक रॅली इतकी लांबली की शेजारच्या टेबलावरचे खेळाडू थांबून बघायला लागले. तो मागे, मी पुढे, तो डावीकडे, मी त्याच्या मागून उजवीकडे. शेवटी माझा चेंडू नेटला लागून आमच्याच बाजूला पडला. तो मोठ्यानं म्हणाला, "वा!" हरलेल्या पॉइंटला वा म्हणणारा तो एकटाच. मागच्या खुर्च्यांत पिवळ्या साडीतली बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. आमच्या जिल्ह्याचे लोक आता बिनधास्त ओरडत होते. सकाळी ज्यांना जे बघायचं होतं ते त्यांनी बघून घेतलं होतं, आणि बघण्यासारखं फारसं काही नव्हतं.

मॅच संपल्यावर बॅगा भरताना तो म्हणाला, "पोरीले अजून सांगितलं नाई. तू सांगशीन का? तुझ्याकडून ऐकलं तर तिले..."

पूर्वीची मी असते तर हो म्हटलं असतं. त्याचे कठीण निरोप नेहमी मीच पोहोचवायची.

"नाई," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा. आताच सांगा. मी तिकडं दोरी ओढणं पाहायले जाते."

त्यानं मान डोलवली आणि फोन काढला.

मी रस्सीखेच बघत उभी राहिले. आमच्या जिल्ह्याचे शिपाई आणि साहेब एकाच दोरखंडाला लटकले होते, टाचा मातीत रोवून. तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगी.

"आई, तुला माहीत होतं?"

"आजच कळलं."

"तुला कसं वाटतंय? खरं सांग."

"खरं सांगू? मोकळं वाटून राह्यलं. बाई चांगली आहे. डोळ्यांत डोळे घालून बोलते."

मग तिच्या रडण्याचा आवाज आला. मी घाबरले. पण ती रडता रडता म्हणाली, "आई, मला दरवेळी वाटायचं गं, की मी तुझ्याकडे आले की बाबा तिकडे एकटेच जेवत असतील. मी घासागणिक तेच बघायची. तुला कधी सांगितलं नाही."

मला हे माहीत नव्हतं. दिवाळीत माझ्या घरी जेवताना ती मध्येच हात थांबवून बसायची, मला वाटायचं अभ्यासाचं टेन्शन असेल. मी म्हटलं, "आता नको बघू. पोटभर जेवत जा." ती नाक ओढत हसली. मग विचारलं, "आणि मॅच?"

"हरलो. पण एक रॅली अशी झाली की तुले काय सांगू..." आणि मी तिला ती रॅली सुरुवातीपासून सांगत राहिले. समोर आमचे लोक दोरखंडासकट मातीत आडवे झाले तरी माझं सांगणं चालूच होतं.

निघताना फाटकाजवळ ते दोघं मोटरसायकलपाशी उभे होते. तिनं रिकामा डबा पिशवीत ठेवला होता. मी माझी गाडी थांबवली. "येजा ताई आर्वीले," ती म्हणाली. मी म्हटलं, "येईन." म्हणताना लक्षात आलं की हे मी मनापासून म्हटलं आहे. त्यानं हात वर केला. तिनं त्याला काहीतरी विचारलं, त्यानं तिला काहीतरी विचारलं, आणि दोघांचं ठरेपर्यंत मी रस्त्याला लागले होते.

घरी आले तेव्हा अंधार पडत होता. पाय ठणकत होते, उजवा खांदा भरून आला होता. पाणी तापवून आंघोळ करावी असं ठरवलं, आणि गीझर चालू करून क्षणभर पलंगावर टेकले. ट्रॅकसूट अंगात तसाच. नंतरचं मला काहीच आठवत नाही. सकाळी दूधवाला दार वाजवत होता, उजेड पडला होता, गीझर रात्रभर चालू राहिला होता आणि कित्येक वर्षांत मी इतकी गाढ झोपले नव्हते.